केपचा वळसा

पाहुण्याने पाण्याचा घोट घेतला आणि बोलण्याची गाडी पेट्रोलवर आणली. लंडनमध्ये पेट्रोल आता रेशनवर मिळतं, डॉक्टरांनासुद्धा मोटार जपून वापरावी लागते, पौंड सावरायला अमेरिकेच्या दारात उभं राहावं लागलं, असं तो सांगत होता. बोलत होता इंग्रजीत. शेजारची बाई एकेक वाक्य जर्मनमध्ये करत होती. इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरचं युद्ध थांबून दोन-अडीच महिने झाले होते. ब्रिटनने ते का केलं हे समजावून सांगायला त्याला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या विद्यापीठात बोलावलं होतं, आणि हॉल विद्यार्थ्यांनी भरून गेला होता.

मागच्या बाकावर आत्माराम टोपी मांडीवर घेऊन बसला होता. पुण्याच्या एका छापखान्याने त्याला पुस्तकबांधणीचं नवं तंत्र शिकायला इकडे पाठवलं होतं. गावात राहून दोन वर्षं झाली, पण विद्यापीठाच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदाच शिरला होता. यशवंत त्याला म्हणाला होता, कशाला येता, उगाच त्रास करून घ्याल. यशवंत इथे रसायनात डॉक्टरेट करत होता. आत्मारामला तो थोरल्या भावासारखा मान द्यायचा आणि तितकंच टोचूनही बोलायचा.

आत्मारामला व्याख्यान ऐकायचं नव्हतंच. ब्रिटनच्या एका माणसाला आपल्या बायकोचं, सरलाचं, नाव ऐकवायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

सरलाच्या हृदयाची झडप आखडली होती. तसलं ऑपरेशन आपल्याकडे तेव्हा कुठे सुरू होत होतं. इथल्या डॉक्टरने कागद पाहून ‘आणा त्यांना’ म्हटलं, मात्र विमानाने नको, बोटीने या, म्हणून बजावलं. ऑक्टोबर सरता सरता ती मुंबईला बोटीवर चढली. बोट एडनला पोचायच्या आत इंग्रजांची आणि फ्रेंचांची विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकू लागली. कालवा बंद. बोट खाली वळली, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला. पंधरवड्याचा प्रवास लांबत गेला. केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, खालचा समुद्र धडधाकट माणसाला आडवा करतो. ती तर दम खात जिना चढणारी बाई. बोटीवरून तार आली ती ‘समुद्रातच विधी केला’ अशी. आत्मारामला राखसुद्धा मिळाली नाही.

आणि हा गृहस्थ पेट्रोलचं दुःख सांगत होता.

पुढे तो म्हणाला, कालवा सगळ्या जगासाठी खुला राहावा एवढीच ब्रिटनची इच्छा होती. बोटी बुडवून तो अडवला इजिप्तने. मग त्याने आभार मानले आणि बसला. तोच हॉलमधून एकदम ठकठकाट उठला. पोरं मुठी वळून बोटांच्या पेरांनी बाकं वाजवत होती.

आत्मारामच्या अंगात बळ आलं. त्याच्या साताऱ्याच्या शाळेत नावडत्या मास्तराला पोरं असंच बाकं बडवून खाली बसवत. त्याला वाटलं, हॉल आपल्या बाजूचा आहे. या पोरांनीही घरची माणसं युद्धात घालवलेली, त्यांना कसं कळणार नाही? प्रश्न विचारा म्हणताच तो पहिला उठला. यशवंतने कोटाची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली.

जर्मन त्याचं मोडकंच होतं. पण वाक्यं तो चार रात्री घोकत होता.

“मी पुस्तकं बांधतो,” तो म्हणाला. “माझी बायको बोटीने येत होती. तुम्ही पेट्रोल सांगितलं, पौंड सांगितला. माणसं सांगितली नाहीत. कालवा खुला राहावा म्हणून बॉम्ब टाकले, म्हणता. ती निघाली तेव्हा तो खुलाच होता. तुमच्या बॉम्बनंतर बंद झाला. आफ्रिकेच्या वळशात ती गेली. तुमच्या हिशेबात ती कुठे बसते, मला सांगा. तिचं नाव...”

तेवढ्यात पुढच्या बाकावर कुणीतरी ठकठक केलं, आणि सगळी बाकं वाजू लागली. मघापेक्षा जोरात.

आत्मारामचे कान तापले. आता आपल्यालाही खाली बसवतात! तोंडातलं नाव तोंडातच राहिलं. टोपी उचलून, माणसांचे गुडघे ओलांडत तो बाहेर पडला आणि थेट रस्त्यावर आला.

यशवंत धापा टाकत मागून आला. “अहो आत्मारामभाऊ, थांबा की. मध्येच का निघालात?”

“निघू नको तर काय? बाकं बडवली माझ्यावर. बायको मेली त्याचीही हुर्यो उडवतात ही माणसं.”

यशवंत त्याच्याकडे बघतच राहिला. “हुर्यो नाही हो. आपण टाळ्या वाजवतो, तसे हे बाक वाजवतात. विद्यापीठातली रीत आहे ही. आवडलं नाही तर पाय घासतात.”

आत्मारामने विचारलं, “म्हणजे त्याच्यासाठी वाजवलं ते?”

“तेही शाबासकीचंच.”

“त्यालाही शाबासकी आणि मलाही?”

“पाहुणा आहे, शिष्टाचार म्हणून...”

“यशवंतराव, तो म्हणाला बॉम्ब बरोबर होते. मी म्हणालो त्यात माझी बायको गेली. दोघांना एकच माप?” त्याचा आवाज चढला होता. “अहो, भांडायला तरी हवं होतं कुणीतरी माझ्याशी. खोटा आहेस म्हणायला हवं होतं. शाबासकी काय करू मी घेऊन?”

यशवंत हळूच एवढंच म्हणाला की पाहुणा उभा राहिला होता, उत्तर देणार होता बहुतेक. पण तुम्हीच नव्हता.

हे ऐकताच आत्माराम उलट फिरला. दोघं जवळजवळ धावत हॉलपाशी आले. दारातून विद्यार्थी सिगारेटी पेटवत बाहेर पडत होते. एकाने आत्मारामला ओळखून मान लववली. यशवंतने त्याला विचारलं. पाहुणे बाजूच्या दाराने गेले, मोटार बॉनला निघाली, असं कळलं.

तरीही आत्माराम आत शिरला. अर्धे दिवे मालवले होते. डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्क बाई फळ्याखालची फरशी पुसत होती. तिने वर पाहून विचारलं, काही विसरलात का? टोपी?

“नाव सांगायचं राहिलं,” तो म्हणाला.

बाईला काय कळलं कोण जाणे. “कुणाचं?”

“बायकोचं. समुद्रात गेली. इकडे येताना.”

बाईने फडकं बादलीत सोडलं. ओले हात एप्रनला पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि ती कंबर सरळ करून उभी राहिली. यशवंत दारातच थांबला.

“सरला,” आत्माराम म्हणाला. त्याचा स्वर उंच नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतका होता. “सरला आत्माराम वाईकर.”

बाई तशीच उभी राहिली. हातांवरचं पाणी वाळेपर्यंत तिने बादलीला हात लावला नाही.