कबूल करू नये

तिसऱ्या घावाला सेफ्टी डोअरचं कुलूप तुटून पायरीवर पडलं आणि हातात पहार घेतलेला म्हातारा सरळ श्रद्धाच्या हॉलमध्ये शिरला. तिने जमिनीवरचं दहा महिन्यांचं बाळ उचललं आणि पाठ भिंतीला लावली. डावीकडे स्वयंपाकघर, त्याच्या दाराला आतून लावायला कडी. सहा पावलं. पण ती सहाही पावलं त्याच्या पुढून जात होती.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीखालच्या टेबलाशी गेला आणि पहिला घाव त्याने मॉनिटरवर घातला. काचा स्वयंपाकघरापर्यंत उडाल्या. बाळाने श्वास धरला, तोंड लालभडक झालं, मग एकदाचा आवाज फुटला. दुसरा घाव टेबलाखालच्या सीपीयूवर पडला. पत्रा आत गेला, तशी त्याने पहार उपसून पुन्हा घातली.

"बाय, तुला मी हात लावनार नाय," तो धापा टाकत म्हणाला. "तुजं चुकलं का नाय, येवढं बोल."

त्याला तिने याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी तो कोण हे तिला विचारावं लागलं नाही. हा वकिलाच्या नोटिशीतल्या संध्याचा बाप, कोंडाजी.

श्रद्धा घरबसल्या लोकांच्या वेबसाइट सांभाळायची. मोठ्या सर्व्हरवरची जागा भाड्याने घ्यायची आणि उल्हासनगरचे फर्निचरवाले, बदलापूरचे क्लासवाले अशा साठेक जणांना ती वाटून द्यायची. कुळगावातलं एक वधू-वर सूचक केंद्र त्यातलंच. चार महिन्यांपूर्वी त्यांची साइट नव्या सर्व्हरवर हलवताना तिने सगळ्या नोंदींची एक जादा प्रत काढून ठेवली होती. त्याच दुपारी बाळाला तापात झटका आला. ती होती तशी दवाखान्यात धावली आणि त्या प्रतीला पासवर्ड लावायचा राहून गेला. एकोणीस दिवस ती उघडी होती. नाव टाकून शोधणाऱ्या कुणालाही सापडावी अशी.

त्या नोंदींत संध्या होती आणि तिचं नाव शोधणारा जगात एकच माणूस होता. तिने सोडलेला नवरा. ती राहत होती त्या मावशीच्या घरचा पत्ता त्याला मिळाला आणि तो कोयता घेऊन तिथे गेला. संध्या वाचली, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. नवरा तुरुंगात आहे. पत्ता कुठून मिळाला, ते तो आजही सांगत नाही.

श्रद्धाला कळलं ते केंद्राच्या वकिलाच्या नोटिशीतून. मागितलेली भरपाई एवढी होती की हा फ्लॅट विकूनही पुरली नसती. आधार एकच होता, दोन वर्षांपूर्वी तिने घेतलेला, धंद्यात चूक झाली तर भरपाई देणारा दायित्व विमा. तेव्हा तिचा नवरा प्रज्वल हसला होता, आपल्या घरात काय बॉम्ब बनतात का म्हणून. नोटीस आली तेव्हा तो हसला नाही. उल्हासनगरहून विम्याचे एजंट माखिजा आले, चहाला नको म्हणाले आणि त्यांनी पॉलिसीतलं एक कलम बोट ठेवून वाचून दाखवलं. कंपनीच्या लेखी परवानगीवाचून विमाधारकाने चूक कबूल करू नये, माफी मागू नये. तसं झाल्यास दावा नाकारला जाईल.

"मॅडम, सॉरीपण नाही बोलायचं," माखिजा म्हणाले होते. "मेरे को भी नहीं." मग त्यांनी एक वाक्य तिच्याकडून पाठ करून घेतलं.

ते वाक्य तिने आता म्हटलं. "प्रकरण वकिलांकडे आहे. मी त्यावर काही बोलू शकत नाही."

कोंडाजी तिच्याकडे वळला. केंद्रवाला हेच बोलला, त्याचा वकील हेच बोलला, सगळ्यांची शाळा एकच का, असं त्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्याने इन्व्हर्टरची बॅटरी फोडली. आंबट वास नाकात गेला. श्रद्धाने बाळाचं नाक ओढणीने झाकलं.

"तितला पत्ता तिच्या मावशीला ठाव आनि मला," तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "दोनदा मीच तिला त्याच्याकडं नांदायला परत धाडली व्हती. मंग तिला दुसरं काय वाटनार? म्हनते, बाबा, तुमीच दिला. केंद्रातल्या कारकुनानं मला तुजं नाव सांगितलं, ते मी तिला सांगितलं. तर म्हनते, आता परक्या बाईवर ढकला. तीन महिने झाले. मी ताट ठेवलं की भिंतीकडं तोंड करते."

श्रद्धाने पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी निम्मंच.

त्याने पहार डोक्यावर उचलली. कशावर घालणार होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं, कारण टेबलावर फोडायला आता काही उरलं नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या मानेला मिठी घातली.

रविवारची दुपार, प्रज्वल सोडला तर सगळे पुरुष घरात. समोरच्या दाराचा आकाश, तळमजल्यावरचे दौलतराव, आणखी दोघे. त्यांनी त्याला फरपटत जिन्यात नेलं. दिवसाढवळ्या बाईच्या घरात घुसतो, असं म्हणत आकाशने त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. लोखंड घणघणलं. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी पाठीत. कोंडाजी एकदाही उलटला नाही. पोरगी, बोटं, पत्ता असे सुटे शब्द तो बोलत होता आणि ते रक्तासकट त्याच्या हनुवटीवरून ओघळत होते. समोरचा एक दात पायरीवर पडला. वरच्या जिन्यात उभी राहून तिसऱ्या मजल्यावरची माया मोबाइलवर सगळं टिपत होती.

"हात धरा रे याचा," आकाश म्हणाला. पहार आता त्याच्याकडे होती. "परत कुणाच्या दाराला लावणार नाही."

दोघांनी म्हाताऱ्याचा उजवा हात पायरीच्या कडेवर पसरून दाबला. बोटं आपोआप फाकली.

"सोडा त्यांना," श्रद्धा म्हणाली.

दौलतरावांनी मागे न बघता सांगितलं, "सूनबाई, आत जा. लेकरू घाबरलंय."

"का सोडायचं, वहिनी?" आकाश म्हणाला. "पाहुणा आहे का तुमचा?"

कुणीतरी हसलं. श्रद्धाने वर पाहिलं. मायाच्या मोबाइलचा काळा डोळा आता तिच्यावर होता. ती अनवाणीच उंबऱ्याबाहेर आली. टाचेत काच शिरलेली तिला कळली, पण ती थांबली नाही. आकाश आणि त्या हाताच्या मध्ये, बाळासकट, ती पायरीवर बसली.

"यांच्या मुलीचा पत्ता माझ्याकडून बाहेर गेला," ती म्हणाली. "यांनी दिला नाही. चूक माझी आहे."

हात दाबणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच पकड सोडली. आकाशला पहार कुठे ठेवावी ते सुचेना. दौलतराव खाकरले. त्यांची हयात कोर्टाच्या कारकुनीत गेली होती. असं चारचौघांत बोलायचं नसतं, पुढे ते गळ्याशी येतं, असं ते खालच्या आवाजात तिला समजावू लागले. मग मान वर करून म्हणाले, "माया, ते पुसून टाक."

मायाचा अंगठा मोबाइलवर थांबला. ती श्रद्धाकडे बघत राहिली.

"नको पुसू, ते पाठवायचं आहे," श्रद्धा म्हणाली.

तिने ओढणीचं टोक कोंडाजीच्या ओठांना लावलं. त्याने तोंड बाजूला केलं नाही.

"काका, संध्याचा नंबर पाठ आहे?"

तो एकेक आकडा सांगू लागला. दात गेल्यामुळे शब्द फाटून येत होते. सात का आठ, मायाने वरून विचारलं. मग श्रद्धाने कान त्याच्या तोंडाशी नेला. तो पुटपुटायचा आणि ती तोच आकडा नीट उच्चारून वर सांगायची. बाळ रडायचं थांबून दोघांच्या तोंडांकडे बघत होतं.

नऊ आकडे झाले. दहाव्याला तो अडखळला, डोळे मिटून त्याने आठवलं.

"एक," तो म्हणाला.

"एक," श्रद्धाने मायाला सांगितलं.