रोयणीची माती

कृष्णनाथ गुरवाने बादलीतला चिखलाचा गोळा तळहातावर घेतला आणि रोयणीच्या उजव्या अंगाला पडलेल्या भेगेत अंगठ्याने दाबून बसवला. गाभाऱ्यातले ते कमरेएवढे वारूळ, ती रोयण, म्हणजेच सातेरी देवी. दुसरी मूर्ती तिथे नव्हती. चिखल बसला, पण शेजारची कोरडी खपली सुटून खालच्या ग्रॅनाइटवर पडली. त्याने ती उचलून बादलीत टाकली. उठण्यापूर्वी भिंतीला हात टेकून तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. गुडघे आता लगेच ऐकत नसत.

"बाबा."

दारात सुविधा उभी होती. ती साखळी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. जत्रेसाठी माहेरी आली होती आणि चहाचा ग्लास घेऊन वडिलांना शोधत इथवर पोचली होती. तिने बादलीकडे पाहिले, मग त्यांच्या नखांकडे.

"हे कधीपासून?"

"फरशी घातली तेन्नासून. वाढतच नाय गो ती आता. रोयण वाढली नाय तर लोक म्हणतत, गुरवाच्या सेवेत खोट आसा."

जीर्णोद्धाराच्या वेळी सागवानी खांबांना वाळवी लागू नये म्हणून जमिनीत भोके पाडून औषध सोडले गेले होते आणि वर फरशी बसवली गेली होती. ज्या देवळात वाळवीने बांधलेले घर पुजले जाते, तिथे वाळवीचे औषध घालताना कुणाचा हात अडखळला नाही. कृष्णनाथाचाही नाही. भोके पाडणाऱ्या कामगारांना त्यानेच प्यायला पाणी दिले होते.

"आणि ही माती खंयची?"

"मागल्या रानातल्या रोयणीची. साधी माती हिका लागत नाय. तिच्याच जातीची व्हयी."

सुविधाने ग्लास उंबऱ्यावर ठेवला. "चला, दाखवा माका."

देवळामागे जुनी झाडी होती. कडेला गेल्या जत्रेचे कागदी द्रोण, फुटकी करवंटी, प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या. बुंध्यांवर लाल रंगाच्या खुणा होत्या. जत्रा झाली की ती झाडे पाडायला यंत्र येणार होते आणि महाप्रसादासाठी शेड उभी राहणार होती. आत, पानांच्या जाड थरात, दुसरे वारूळ होते. त्याची एक बाजू खोल कोरलेली होती.

सुविधा उकिडवी बसली. भगदाडाच्या तळाशी स्पंजासारखे करडे गोळे फुटून पडले होते.

"ही वाळवीची बुरशी, बाबा. पडलेली पानं, काटक्या ती आत आणतत. ती पचवता ही बुरशी. पावसात छत्रीसारखी अळमी उगवतत, ती ह्याच्यातलीच."

"यंदा अळमी येवंकच नाय," तो म्हणाला. मग स्वतःच कोरलेल्या त्या भगदाडाकडे त्याने पाहिले.

आत वाळवी कामाला लागली होती. तोंडात ओला केलेला मातीचा कण आणायचा, कडेला चिकटवायचा, परत फिरायचे. भगदाडाची वरची कड अशीच लिंपून आली होती. कृष्णनाथ वाकून बराच वेळ पाहत राहिला. अंगठ्यावरचा चिखल धोतराला पुसायला गेलेला हात मध्येच थांबला.

"देवळातली परत येतली?"

"जमनीत औषध आसा तोवर नाय."

"आणि ही?"

"माती काढूंक नाय तर जगतली. पण झाडां रवली तरच. पानं पडली नायत तर खातली काय?"

त्याने रिकामी बादली उचलली. परतताना तो दोनदा थांबला.

जत्रेच्या दिवशी गाभाऱ्यातली भेग उघडी होती. फुले वाहूनही ती लपत नव्हती. देवस्थान समितीचे अध्यक्ष जयराम हसत आत आले.

"काय गुरवानू, आईक सजवूंक विसरलात? का तुमी सुकलात म्हणून तीय सुकली?"

रांगेतल्या दोघी हसल्या. सगळ्यांत पुढे असलेली वत्सला हसली नाही. तिच्या हातात ओटीचे ताट होते.

"कृष्णनाथभाऊ, ही भेग कसली?"

त्याला बसावेसे वाटत होते. दाराशी उभ्या सुविधाकडे त्याने पाहिले नाही.

"आई हंय नाय गे आता," तो म्हणाला. "भायर गेली."

"खंय?"

"मागल्या रानात. झाडांत."

जयराम त्याच्या कानाशी आले.

"सोमवारी मशीन येतली, गुरवानू. ठावक आसा मां तुमका?"

"येवंदे. मग आईक थंयसून उठ म्हणून तुमीच सांगा."

वत्सलाने ताट छातीशी धरले आणि ती देवळाला वळसा घालून मागे गेली. पानांच्या कडेला ती थांबली. पायाशी पडलेला एक कागदी द्रोण तिने उचलला, ताटाखाली धरला आणि अनवाणी आत शिरली. मागून रांग वळू लागली.

कृष्णनाथ उंबऱ्यावर टेकला. हात त्याने मांडीवर उताणे ठेवले. बऱ्याच दिवसांनी ते कोरडे होते.