दोघांचं शेपूट

ओंगाय आमच्या डोंगरावर आला तो दवाखान्याचं छप्पर घालायला. खालच्या नदीकाठचा सुतार. छप्पर झालं, सोबतची माणसं परत गेली, हा राहिला. माझी नणंद मेरिपे विधवा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ओंगाय का राहिला, हे गावात कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण भाषेची होती. आमची भाषा बोलणारी माणसं पाच-सहा गावांत मावतात, बाहेरच्यानं ती शिकायची कुठे? त्याच्याकडचं बोलणं सपाट. आमच्याकडे एकच शब्द वरच्या सुरात म्हटला तर रताळं, आणि सूर घसरला तर सासू. आल्या आल्याच तो चुलीपाशी बसून आमच्या सासूबाईंना म्हणाला, "आजी, एक सासू भाजून द्या ना."

सासूबाईंनी राख सारली. "देते की. पण चिवट लागेल हो. आणि सरपण तूच आण."

तो बिचारा खरंच सरपण घेऊन आला.

मग मेरिपेनं त्याला शिकवायला घेतलं. मळ्यात वेल लावता लावता ती तोंड मिटून नुसता सूर गुणगुणायची, त्यानं शब्द ओळखायचा. सूर बसले. पण पुढे शेपटांनी छळलं. आमच्या बोलण्यात क्रियापदाला शेपूट असतं. पुढचं काम तोच करणार की दुसरा कुणी, ते त्या शेपटावरूनच कळतं. डुक्कर अंगावर आलं आणि आपण झाडावर चढलो, असं ओंगायला सांगायचं होतं. त्यानं असं शेपूट लावलं, की झाडावर डुक्करच चढलं. पोरं कितीतरी दिवस त्या झाडाकडे बघून हसत होती.

कोरड्या दिवसांत त्यानं मेरिपेच्या मळ्याच्या कडेला खांब रोवले. घर कुणासाठी, ते सांगेना. एका दुपारी मी आणि मेरिपे तण काढत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "हे कशासाठी चाललंय?"

"घर बांधून..." तो म्हणाला आणि अडला. शेपूट त्याच्या एकट्याचं होतं.

"बरं. राहा मग एकटाच."

"नाही, थांब." त्यानं हातोडा खाली ठेवला. "घर बांधल्यावर..." या वेळी शेपूट भलत्याच कुणाचं.

"बांधणार तू, आणि राहणार कोण? ही वहिनी?"

"मला नको," मी म्हणाले. "माझं घर गळत नाही."

आमच्यात आणखी एक शेपूट आहे. ते एकाचं नाही, पुष्कळांचंही नाही, नेमकं दोघांचं. ते ओंगायला सगळ्यात उशिरा आलं होतं. घर बांधण्याच्या शब्दाला त्यानं ते सावकाश लावलं. पुढे काय करायचं ते बोललाच नाही. पण कोणी करायचं, ते सांगून झालं होतं.

मेरिपेनं हातातलं तण उपटून बाजूला टाकलं. मग म्हणाली, "सूर पडला. शेवटी वर न्यायचा."

त्यानं पुन्हा म्हटलं. वर नेला.

"राहू," तिनं वाक्य पुरं केलं.

मी हातातली माती झटकून नवऱ्याला शोधायला गेले, कारण बहिणीची बोलणी त्यालाच करायची होती. तो कॉफी वाळत घालत होता. ऐकून म्हणाला, "आत्ता? मला वाटलं, केव्हाच ठरलंय."

घर वाऱ्याच्या बाजूला जरासं कललंय. सुताराचंच घर असं, म्हणून मेरिपे टोमणे मारते. तो हसतो आणि चहाचा पेला आधी तिच्यापुढे ठेवतो.