एका मिनिटात सव्वीस जनावरं

स्वेतोझार माझा कूम, मी त्याची कुमा. माझ्या लग्नात साक्षीला तोच उभा राहिला, माझ्या मुलीचा धर्मपिताही तोच. आमच्याकडे सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरता येतो, पण कूमला नाही म्हणता येत नाही आणि कूमशी भांडताही येत नाही. ही रीत ज्याने कुणी घातली, त्याच्या घरात यकृताचा पेशंट नसावा.

तिसा नदीवर आमच्या गावचा तराफा तोच चालवायचा. गाड्या, ट्रॅक्टर, घोडागाड्या तारेच्या आधाराने या काठावरून त्या काठावर न्यायच्या. पूल चौदा किलोमीटरवर, त्यामुळे सगळं गाव त्याच्या हातात. आलुबुखाराच्या दारूने त्याचं यकृत कडक झालं होतं. दोन वर्षांपूर्वी दारू सोडली, तेव्हापासून दर फेब्रुवारीत आमच्या इस्पितळात तपासणी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला तर मार्चमध्ये तराफा सुरू, नाही दिला तर कूम घरी. घरी बसलेला स्वेतोझार मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहायचाही नव्हता.

मी तिथेच नर्स आहे. म्हणून डिसेंबरात, त्याच्या घरच्या संत निकोलाच्या सणाला, मेणबत्ती पेटलेली असताना, अख्ख्या टेबलासमोर त्याने मला विचारलं.

"कुमा, यंदा काय काय करणार आहेत गं? घशात नळी घालणार?"

"नाही हो. बरगडीवर टकटक करणारं मशीन आहे. ते आणि रक्त ठीक आलं तर नळी नाही."

"आणि?"

मी गप्प बसायला हवं होतं. "आणि एक नवीन आहे. एका मिनिटात जितक्या जनावरांची नावं येतील तितकी सांगायची."

टेबल हसून लोटपोट झालं. त्याची बायको देसांका म्हणाली, "अहो, यांना तर फुकट पास केलं म्हणायचं! झोपेत मासे मोजतो हा माणूस."

कुणीतरी घड्याळ काढलं. कूम पाण्याचा पेला बाजूला सारून ताठ बसला. गाय म्हणाला, कुत्रा म्हणाला, कार्प मासा म्हणाला. मग थांबला. मग परत कुत्रा. डुक्कर, मांजर, कुत्रा. पाहुणे हसून हसून डोळे पुसत होते. मिनिट संपलं तेव्हा अकरा झाले होते. ज्याला तिसातला मासा पाण्याच्या सळसळीवरून ओळखू येतो, त्याला मासा एकच आठवला होता.

मी तेवढी हसले नाही. पंधराच्या वर गेलं तर ठीक, खाली म्हणजे यकृताने न गाळलेलं विष मेंदूत चढायला लागलंय, हे मला पाठ होतं. माणूस दिसायला धडधाकट, बोलायला नीट, पण हात आणि डोकं एकमेकांना उशिरा भेटतात.

"कुमा," तो कानाशी वाकून म्हणाला, "हसू दे त्यांना. तू मला शिकव. तराफा गेला तर मी काय करू?"

तेव्हाच म्हणायला हवं होतं, कूम, उद्या सकाळी माझ्याबरोबर इस्पितळात चला. पण सणाची मेणबत्ती पेटलेली होती, तिच्यासमोर यजमानाचं मन मोडत नाहीत, तो माझा कूम होता, आणि मी माझी अक्कल त्याच्या टेबलावर ठेवून आले. मी म्हटलं, "अंगणातून सुरुवात करा. घोडा, शिंगरू, गाय, वासरू. मग नदीत उतरा. मग जंगलात." दोन महिने देसांका चुलीशी त्याचा पाढा घेत होती. शेजारीही येता-जाता विचारायचे, "जंगलात पोचलास का रे?"

फेब्रुवारीत मशीनने टकटक केलं, नळी नको म्हणून सांगितलं. मग डॉक्टर वुकेलिच बाईंनी घड्याळ लावलं आणि कागदावर नावं मी लिहिली. सव्वीस! बाई खूश होऊन म्हणाल्या, "वा काका, तुम्ही तर मलाच हरवाल." दाखल्यावर शिक्का मीच मारला.

मे महिन्यात, भर दुपारी, तराफा काठाला लागायच्या आधीच त्याने गाड्या अडवणारी पुढची साखळी सोडली. मध विकणाऱ्या रादोयेची घोडागाडी सरळ पाण्यात गेली. रादोयेला कॉलर धरून ओढून काढलं. घोडा जुंपलेला होता, तो गाडीबरोबर बुडाला. कूम साखळी हातात धरून उभा होता, कुणाचं काय चाललंय हे बघत.

त्याला आमच्या इस्पितळातच आणलं. बाईंनी वार विचारला, त्याला येईना. माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्या कोण?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पाणी द्या."

"बरं, जनावरांची नावं सांगा."

"घोडा," तो म्हणाला, आणि धबधबा सुटला. शिंगरू, गाय, वासरू, अंगण, नदी, जंगल, कुठेही न अडखळता. बाकावर ओलाचिंब बसलेला रादोये उठून बाहेर गेला. बाईंनी फेब्रुवारीचा कागद काढला आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली आल्या. माझंच अक्षर, तोच क्रम.

"रुझिका, हे यांना कुणी शिकवलं?"

"मी," म्हटलं. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, त्याचं मला काही नाही.

चार दिवसांनी तो भानावर आला, अगदी पहिल्यासारखा. तराफ्यावर तोवर दुसरा माणूस ठेवला होता, आणि आता तो कायमचा, हेही त्याला देसांकाने सांगून टाकलं होतं. मी औषध घेऊन गेले. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुमा, त्या दिवशी टेबलावर माझे किती झाले होते गं?"

"अकरा."

"अकरा म्हणजे काय, ते तुला ठाऊक होतं?"

"हो."

त्याने मान हलवली. "तेव्हाच सांगितलं असतं, तर काय केलं असतं डॉक्टरीणबाईंनी?"

"हेच औषध दिलं असतं. दिवसातून तीनदा. महिनाभर तराफा बंद, मग परत तपासणी."

मी चमचा पुढे केला. त्याने तो पाक घेतला, जीभ ओठांवरून फिरवली आणि खिडकीतून नदीच्या बाजूला पाहत राहिला.

"गोड आहे गं," तो म्हणाला. "एवढंच होतं होय?"