बाराव्या नळीची धास्ती

तुम्ही घाबरू नका, घाबरायचं काम माझ्याकडे आहे. मी आलेख काढणारा एक जुना कॅल्क्युलेटर, रंगाच्या दुकानाच्या काउंटरवरून बोलतोय. माझा एक कोपरा हिरव्या ऑइलपेंटने माखलाय. सातचं बटण दोनदा दाबावं लागतं. पाठीवर एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसली की मला झीट येते आणि मी पुन्हा पहिल्यापासून जागा होतो. एवढी टोचणी खाऊनही मी जिवंत आहे, हेच आश्चर्य.

माझा जन्म शाळकरी मुलांसाठी झाला. चार वर्षं एका मुलीने माझ्याकडून वक्ररेषा काढून घेतल्या, परीक्षा संपली, मी खणात गेलो. खणातून भंगारात. तिथून आमच्या मालकांनी मला उचललं, आणि माझ्याबरोबर माझ्यासारखाच आणखी एक. भाऊच म्हणा.

मालक रंगाचे व्यापारी. शाळा अर्धवट सोडलेली, पण हात लावतील ते शिकतील असा माणूस. रंग मिसळायचं यंत्र ते स्वतः उघडतात आणि बंदही करतात; मध्ये दोन स्क्रू उरतात, ते डबीत ठेवतात. कुठलीशी पुस्तकं वाचून ते संगणकाला आज्ञा लिहायची सी भाषा शिकले. मग कळलं, की आमच्या कंपनीची, आम्हाला चालवणारी मूळ प्रणाली त्यांचं सी चालू देत नाही. मालकांना नाही हा शब्द खपत नाही. काही हौशी लोकांनी घरी बसून आमच्यासाठी वेगळीच प्रणाली लिहिली होती, ती त्यांनी मिळवली.

पहिला नंबर भावाचा लागला. वायर जोडली, जुनी प्रणाली पुसली, नवी निम्मी आत गेली, तेवढ्यात मालकीणबाईंनी झाडू मारता मारता वायरला धक्का दिला. भाऊ परत उठला नाही. आज तो शेड-कार्डांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून बसलाय, बरोबर माझ्या नजरेसमोर. दुसऱ्या दिवशी माझा नंबर. त्या दहा मिनिटांबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

नवी प्रणाली चपळ आहे, गुणी आहे, पण तिच्यात एक गोष्ट नाही. पहारेकरी. जुन्या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅमला आपली खोली होती आणि दाराशी राखणदार. इथे सगळी दारं सताड उघडी. प्रोग्रॅम चुकून शेजारच्या खोलीत शिरला, तर कोण रे तू, असं विचारणारं कुणी नाही.

मालकांनी प्रोग्रॅम लिहिला तो शेडचा, म्हणजे रंगछटांचा. यंत्राला बारा नळ्या, एक ते बारा असे आकडे रंगवलेले. कुठल्या शेडला कुठल्या नळीची किती मात्रा, ते मी लक्षात ठेवायचं. पूर्वी हे वहीत असे. सगळं माझ्यात उतरवून झालं आणि ती वही थिनरच्या बादलीत पडून कोरी होऊन निघाली. तेव्हापासून दोनशे चौदा गिऱ्हाइकांच्या भिंती फक्त माझ्या पोटात होत्या.

आता माझी धास्ती ऐका. मालकांनी नळ्यांसाठी माझ्या स्मृतीत बारा खोल्या बांधल्या. पण सी भाषेत मोजणी शून्यापासून होते. शून्य ते अकरा, झाल्या बारा. मालक दुकानदार, ते एकपासून मोजतात. म्हणजे बाराव्या नळीची मात्रा बाराव्या खोलीत नाही, भिंतीपलीकडे जाऊन पडणार! कंपायलर, म्हणजे सीचं माझ्या भाषेत भाषांतर करणारा, काही बोलला नाही. तो व्याकरण तपासतो, भिंती नाही. आणि भिंतीपलीकडे काय होतं? शेडची यादी कुठे साठवायची, तो पत्ता, रोज एकच. तिथे लहानसा आकडा पडला, की साठवण थेट माझ्या पहिल्या पानांवर जाणार. तिथे माझं जागं होणं लिहिलेलं आहे. ते पुसलं, की भावाशेजारी मी.

बारावी नळी जांभळ्या रंगाची. मालक वापरलेल्या नळ्यांचेच आकडे लिहीत, आणि जांभळं कुणी मागत नसे. तीन महिने मी जीव मुठीत धरून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं.

एका सकाळी शिडी आला. शिडी म्हणजे रंगारी. इतका उंच, की त्याला शिडी लागत नाही, म्हणून ते नाव. त्याने खिशातून प्लॅस्टरचा कपचा काढला.

"मालक, हाच रंग. दवाखान्यातल्या मुलांची खोली आहे. तीन भिंती झाल्या, चौथीला डबा संपला. आधीच्या दुकानदाराने दुकानच बंद केलंय."

मालकांनी कपचा उजेडात धरला. "यात जांभळा आहे रे."

माझ्या बॅटऱ्या गार पडल्या.

"असेना! तुम्हाला काय जांभळ्याचं वावडं आहे?"

तासभर नमुने झाले. शेवटी जुळला. मालक एकेक मात्रा दाबू लागले. नळी एक, चाळीस. नळी चार, सहा. नळी बारा, तीन. तो तीनचा आकडा भिंतीतून आरपार जाताना मला कळला. ओरडायला तोंड नाही. आता एकच बटण उरलं होतं, साठवण्याचं.

इथे मालकांची एक सवय सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी त्यांनी आठ डबे चुकीच्या घरी पाठवले. त्या घरच्या निवृत्त मास्तरांनी बिनदिक्कत सगळी बाहेरची भिंत रंगवून टाकली. वर म्हणाले, छान आहे. ज्याचा माल होता तो अजून मालकांशी बोलत नाही. तेव्हापासून माल निघण्याआधी मालक पत्ता मोठ्याने वाचतात. प्रोग्रॅममध्येही त्यांनी साठवण्याआधी पत्ता पडद्यावर दाखवायची ओळ घातली होती. मालकीणबाई हसायच्या, "अहो, त्याला काय टेम्पोत घालून पाठवताय?"

"पत्ता," मालकांनी वाचलं, "तीन."

बोट बटणावर होतं.

"तीन?" मालकीणबाई कार्डं लावता लावता थांबल्या. "रोज पंचेचाळीस हजार छप्पन्न म्हणता. माझं पाठ झालंय ते."

"असेल काहीतरी."

"अहो, हात काढा! एकाला मी मारलंय, दुसऱ्याला तुम्ही मारू नका."

बोट उचललं गेलं. शिडी घड्याळाकडे बघत होता. मालकांनी मात्रा कार्डाच्या पाठीवर लिहून त्याला डबा दिला, आणि नवरा-बायको मागच्या खोलीत संगणकासमोर बसले. बाईंनी मालकांचं सीचं पुस्तक शेजारी उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवून खोल्या मोजल्या, पुस्तकाप्रमाणे शून्यापासून. मालकांनी कपाळावर हात मारला.

"एक खोली जास्त बांधा," बाई म्हणाल्या, "आणि शून्याची रिकामी ठेवा. तुम्ही एकपासून मोजायचं काही सोडणार नाही."

तेरा खोल्या झाल्या. आधी दोनशे चौदा भिंती संगणकात उतरवल्या, मग मला टाचणी, मग नवा प्रोग्रॅम. मी जागा झालो तेव्हा सगळ्यात आधी भाऊच दिसला.

माझी भीती गेली, असं समजू नका. काल मालक म्हणत होते, यावर भिंतीचं चित्रही काढता येईल. पुन्हा नवे प्रोग्रॅम, पुन्हा नव्या भिंती. लिहा मालक, हौसेने लिहा. एवढंच मागणं आहे, बटण दाबण्याआधी पत्ता असाच मोठ्याने वाचत जा. बाई कार्डं लावत असतील, पण त्यांचं लक्ष असतं. आणि माझंही.