आप्पा रेज का करत नाहीत

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर खंडेरावांना, म्हणजे आप्पांना, देवळ्याहून नाशकात मुलाकडे आणलं, तेव्हा कपड्यांच्या पिशवीसोबत बटणांचे डबेही आले. दुकान बंद झालं तरी शिंप्याला बटणं टाकवेनात. उजवा हात हळूहळू सुधारला, पण बोलणं अडकलं ते अडकलंच. शब्द डोक्यात असायचा, जिभेवर येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी व्हायचं. पाणी हवं असलं की 'पायरी' म्हणायचे आणि चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळून मान खाली घालायचे. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवून ठेवणारा हा माणूस आता सून समोर आली की नुसता हसायचा.

"त्यांना बोलायला लावा," स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या. "पण परीक्षा घेतल्यासारखं नको. गमतीगमतीत."

सुनेला, स्नेहलला, पत्ते सुचले. पुण्याला हॉस्टेलवर असताना ती लिमिट पोकर शिकली होती आणि मैत्रिणींमध्ये तिचा दरारा होता. रविवारी सकाळी सिडकोतल्या त्यांच्या हॉलमध्ये चटई पसरली जायची. स्नेहल, तिचा नवरा रोहित, आप्पा आणि शेजारचे सावळीराम काका असे चौघे बसायचे. पैशांऐवजी आप्पांची बटणं. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं हळूहळू उघडायची आणि ज्याची जुळणी मोठी त्याला बटणांची रास. लिमिट म्हणजे बोलीला बांध घातलेला. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकच बटण वाढवायचं, शेवटच्या दोन फेऱ्यांत दोन. एकदम मूठभर लोटून कुणाला घाबरवायची सोय नाही. शब्द चारच ठेवले होते: चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं, कॉल म्हणजे समोरच्याइतकीच बटणं लावणं, रेज म्हणजे बोली चढवणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं. आणि नियम स्नेहलचा होता, की बटणं नुसती पुढे सरकवलेली चालणार नाहीत, शब्द तोंडाने म्हटला पाहिजे.

पहिल्याच रविवारी आप्पांनी बटण उचललं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "रेडा."

सावळीराम काका हसता हसता भिंतीला टेकले. रोहित हसला, स्नेहल हसली, आप्पाही हसले. खेळ पुढे चालू झाला.

त्यानंतर आप्पा रेज करेनासे झाले. चेक म्हणायचे, कॉल म्हणायचे, पानं वाईट असली की फोल्ड म्हणून टाकून द्यायचे. पण रास जिंकताना पाहावं तर हातात एक्क्यांची नाहीतर राजांची जोडी निघायची.

"आप्पा पक्के आहेत," रोहित कौतुकाने म्हणायचा. "पानं दाबून बसतात."

स्नेहललाही तसंच वाटायचं आणि मनातून ती सासऱ्यांवर खूश होती. पानं दाबणं तिला ठाऊक होतं. पुढचा माणूस आपण होऊन बोली लावणारा असला, तर सुरुवातीच्या स्वस्त फेऱ्यांत गप्प राहून त्याला लावू द्यावी, आणि दोन बटणांची फेरी आली की मग चढवावं. बाकी वेळी मात्र चांगली पानं घेऊन गप्प बसणं महागात पडतं. समोरच्याला पुढचं पान फुकटात बघायला मिळतं, त्यातच त्याची जुळणी होऊन जाते. ती स्वतः चढवणारी होती. आप्पा कधी चढवतील याची ती वाट बघायची. ते चढवायचेच नाहीत.

मग एका रविवारी तो डाव आला. मधे दोन अठ्ठ्या आणि एक राणी उघडी पडली होती. स्नेहलकडे राणी होती, म्हणून ती प्रत्येक फेरीत रेज करत गेली. रोहितने पानं टाकली, काकांनीही टाकली. शेवटचं पान उघडलं, स्नेहलने पुन्हा रेज केली. आता बोलायचे राहिले होते फक्त आप्पा. त्यांनी बटणांवर हात ठेवला. ओठ हलले. मग हळूच म्हणाले, "कॉल."

पानं उलटली. आप्पांकडे उरलेल्या दोन्ही अठ्ठ्या होत्या.

"चार अठ्ठ्या घेऊन नुसता कॉल," सावळीराम काका म्हणाले. "खंडेराव, तुमचा मोठेपणा."

स्नेहल मात्र पानांकडे बघत राहिली. पुढे एकही फेरी नव्हती. मागून कुणी बोलणार नव्हतं. हरवणारी पानं कुणाकडे असणं शक्य नव्हतं. अशा जागी गप्प बसण्यात कसलाच डाव नसतो; दाबून ठेवायचं तर कशासाठी, कुणासाठी? तिने आप्पांकडे पाहिलं. एवढी रास जिंकूनही ते बटणं ओढून घेत नव्हते. बोटाने एक निळं बटण उगीच फिरवत होते.

दुपारी आप्पा गॅलरीत बसले होते, तिथे ती दोन कप चहा घेऊन गेली.

"आप्पा, एक विचारू? रेज करायची असते ना तुम्हाला?"

आप्पांनी कप खाली ठेवला.

"शब्द येत नाही म्हणून थांबता?"

त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून. मग बोटाने आतल्या चटईकडे दाखवलं. "सम्दे... हस..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं, तोंडासमोर हात फिरवून.

हसणाऱ्यांत तीही होती. "नियमच काढून टाकते," ती म्हणाली. "बटणं सरकवली तरी चालतील."

आप्पांनी जोरात मान हलवली. "नाय." तो शब्द स्वच्छ आला. त्यांना सवलत नको होती.

तेवढ्यात फोन वाजला. देवळ्याहून आप्पांची धाकटी बहीण नवसाबाई. ती आठवड्यातून एकदा करायचीच, आणि दोघं घरच्या अहिराणीत बोलायची, म्हणजे बोलायची मुख्यतः नवसाबाईच. स्नेहल फोन त्यांच्या कानाशी धरून उभी राहिली. शेजारपाजारचं सगळं सांगून झाल्यावर नवसाबाई थांबली. आप्पा म्हणाले, "आखो?"

आणखी काय, असं विचारत होते. बहिणीने आणखी सांगितलं. पुन्हा आप्पा, "आखो?" ना अडखळले, ना श्वास घ्यायला थांबले. लहानपणी भाकरी मागताना म्हटला असेल तसा शब्द आपसूक बाहेर आला.

फोन ठेवल्यावर स्नेहल त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली. "आप्पा, आपल्या खेळात रेज नकोच. 'आखो' म्हणायचं. सगळ्यांनी. तुमच्यासाठी म्हणून नाही हं, मला आवडला तो शब्द."

तिची थाप कळल्यासारखं आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. पण ते हसले.

पुढच्या रविवारी तिने नवा नियम सांगितला. सावळीराम काका लगेच तयार झाले. रोहित मात्र जरा अवघडला. शाळेत पोरं चिडवायची म्हणून त्याने अहिराणी केव्हाच सोडली होती, बापाशीही मराठीतच बोलायचा. त्याची पहिली बोली आली तेव्हा तो पुटपुटला, "आखो." आप्पांनी त्याच्याकडे चमकून पाहिलं.

मग एका डावात आप्पांनी बटण उचललं. "आखो."

रोहितने आणि काकांनी पानं टाकली. स्नेहलकडे राजांची जोडी होती. क्षणभर तिला वाटलं, नुसता कॉल करावा, आज त्यांना सहज जिंकू द्यावं. पण गॅलरीतलं ते 'नाय' तिला आठवलं. "आखो," ती म्हणाली.

"आखो," आप्पा म्हणाले.

पानं उघडत गेली; मधे एक एक्का पडला. आप्पांनी पुन्हा चढवलं, मग पुन्हा. शेवटच्या फेरीत तर तिने पुढे केलेल्या दोन बटणांवर त्यांनी लगेच आणखी दोन चढवली. आवाज मोकळा झाला होता, दुकानातल्यासारखा. स्नेहल विचारात पडली. दोन बटणं वाचवायला एवढी रास सोडू नये, हे ती इतरांना शिकवत आली होती. पण चार अठ्ठ्या घेऊन गप्प बसणारा माणूस आज इतका चढवतोय, तर त्याच्याकडे एक्के नसतील तर काय असेल?

"फोल्ड," ती म्हणाली.

आप्पांनी आपली पानं उघडी करून तिच्यापुढे सरकवली. एक सत्ती आणि एक दुर्री. जुळणी कसलीच नाही.

रोहित तोंड उघडं टाकून बघत राहिला. "आप्पा, तुम्ही थापा मारता?"

आप्पांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि स्नेहल त्यांचा हात धरून हसत राहिली. हरल्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

जेवताना रोहित वडिलांच्या शेजारी येऊन बसला. थोडा वेळ भात कालवत राहिला, मग खाली बघतच त्याने अहिराणीत काहीतरी विचारलं, भाजी कशी झाली वगैरे. शब्द बहुधा चुकीचा होता. आप्पांनी घास थांबवला, बरोबर शब्द सावकाश म्हणून दाखवला आणि रोहितने तो पुन्हा म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.