डावा हात मदतीला

साउंडचं शिक्षण घ्यायला वल्लरी पुण्याहून नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला आली आणि तिथल्याच एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या कामाला लागली. गेल्या मार्चमध्ये तिच्याकडे ओताव्हियो आला. हा ब्राझीलचा जॅझ पियानोवादक. वय पन्नाशीचं, वीस वर्षं याच गावात राहिलेला. पण गेल्या सहा वर्षांत त्यानं लोकांसमोर एक सूरही वाजवला नव्हता.

का, ते त्यानं पहिल्याच दिवशी, ओला कोट खुंटीला अडकवता अडकवता सांगून टाकलं. पियानोवर हात ठेवला की उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळायची. कप धरताना नाही, सायकल चालवताना नाही, फक्त पियानोवर. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. बोटांना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या जागा एकमेकींत मिसळल्यात. शेवटच्या कार्यक्रमात तो अर्ध्यातच उठून गेला होता. घरी येऊन त्यानं पियानो विकला. दोन वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टच्या आग्रहाखातर तो पुन्हा बसला, तोही भाड्याच्या पियानोवर. रोज दहा मिनिटं, एका बोटानं एकच पट्टी. पुढच्या चार वर्षांत सुचलेल्या आठ रचनांचा हा अल्बम होता.

रेकॉर्डिंग तीन दिवस चाललं. तिसऱ्या रचनेत मधेच अनामिका वळली. एक सूर हुकला, क्षणभर सगळं थांबलं, मग डावा हात उजव्यावरून पलीकडे गेला आणि त्यानं ती ओळ पुरी केली. ओताव्हियो शेवटपर्यंत वाजवत राहिला. नंतर तीच रचना त्यानं आणखी एकदा वाजवली, तेव्हा काही चुकलं नाही.

वल्लरीला पहिलंच वादन जास्त आवडलं होतं. तिनं दुसऱ्यातला तेवढा तुकडा उचलून पहिल्यात अडखळलेल्या जागी बेमालूम जोडला. त्याला विचारलं नाही. या माणसानं पुष्कळ सोसलंय, आता आणखी कशाला, असं तिला वाटलं.

सोमवारी ओताव्हियो ऐकायला आला. डोळे मिटून ऐकत होता. त्या जागी त्यानं डोळे उघडले आणि तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.

"इथं मी अडखळलो होतो," तो म्हणाला.

वल्लरीनं कबूल केलं. "मला वाटलं, ऐकताना तुम्हाला त्रास होईल."

"होणारच. पण सहा वर्षांपूर्वी असं झालं तेव्हा मी उठून गेलो होतो. या वेळी डावा हात मदतीला आला, आणि तू नेमकं तेच काढून टाकलंस."

तो रागावला नव्हता, त्यामुळे तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. तिनं माफी मागितली आणि त्याच्यासमोरच मूळचा तुकडा जागेवर ठेवला. मग दोघांनी ती रचना सबंध ऐकली.

अल्बम सप्टेंबरमध्ये आला. काही दिवसांनी ती तिसरी रचना ऐकून आइंडहोवनहून एका व्हायोलिनवादक बाईंचं ओताव्हियोला पत्र आलं. त्यांनाही हाच आजार होता. आता ओताव्हियो दर गुरुवारी ट्रेननं त्यांच्याकडे जातो. तिथं जाऊन काय शिकवता, असं वल्लरीनं एकदा विचारलं.

"शिकवत काही नाही," तो म्हणाला. "त्या वाजवतात, अडकतात. मी शेजारी बसून असतो."